तळलेली मासळी आणि सावजींचा रस्सा

इंग्लंडच्या समुद्रकाठीं एखाद्या लहानशा गांवीं संध्याकाळच्या सुमारास उतरणाऱ्या प्रवाशाला बंदर दिसण्याच्या आधीं तळणाचा वास येतो. वासाच्या रोखानें चार पावलें गेलें म्हणजे एक दुकान लागतें आणि दुकानापुढें माणसांची रांग लागलेली असते. कॉड किंवा हॅडॉक जातीच्या माशाचा जाड तुकडा पिठांत बुडवून कढत तेलांत अथवा चरबींत तळावयाचा, जोडीला बटाट्याच्या बोटाएवढ्या फोडी तळून घालावयाच्या, वरून मीठ व सिरका शिंपडावयाचा आणि सारें कागदांत गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावयाचें, एवढाच ह्या दुकानाचा व्यवहार. पूर्वीं हा कागद म्हणजे कालचें वर्तमानपत्र असे. ना टेबलावर चादर, ना वाढणारा नोकर. तरीहि ह्या साध्या दुकानाला त्या देशांत जी जिव्हाळ्याची जागा मिळाली आहे, ती मोठमोठ्या भोजनगृहांना मिळालेली नाहीं.

ह्या दुकानाकडे पाहून कोणालाहि वाटेल कीं, हें कोळ्यांचें अन्न असावें. समुद्रावर जन्मलें आणि तेथून देशभर पसरलें असावें. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. तळलेली मासळी आणि बटाटा ह्यांची जोडी जुळली ती कामकऱ्यांच्या वस्तींत, धुराड्यांच्या सावलींत. आणि ज्या गिरणगांवांत ती वाढली, त्याच गिरणगांवांतील कापडाच्या गांठी समुद्र ओलांडून नागपूरच्या इतवारीपर्यंत येऊन पोंचल्या होत्या. म्हणून समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या नागपूर शहरालाहि ह्या दुकानाची गोष्ट परकी नाहीं. तेथील सावजींची खाणावळ ही त्याच इतिहासाची दुसरी बाजू आहे.

प्रथम इंग्लंडकडील हकीकत पाहूं. मासळी पिठांत घोळून तेलांत तळण्याची रीत तेथें नेली ती पोर्तुगाल व स्पेन ह्या देशांतून धर्मच्छळामुळें बाहेर पडलेल्या यहुदी कुटुंबांनीं. लंडनच्या गरीब वस्त्यांत अशी तळलेली मासळी विकणारीं दुकानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच होतीं. चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ह्या कादंबरींत त्यांचा उल्लेख आलेला आहे. बटाट्याच्या तळलेल्या फोडी निराळ्या विकल्या जात. ह्या दोहोंचा संगम प्रथम कोणी केला ह्याविषयीं इंग्रज लोक मोठ्या हौसेनें वाद घालतात. लंडनकर म्हणतात, १८६० च्या सुमारास जोसेफ मालिन नांवाच्या यहुदी विक्रेत्यानें तो केला. उत्तरेकडील लोक म्हणतात, १८६३ च्या सुमारास लँकेशायरांतील मॉसली गांवच्या बाजारांत जॉन लीस ह्यानें लांकडी खोपटांतून ही जोडी विकावयास सुरुवात केली. वादाचा निकाल कांहींहि लागो. धंदा फोफावला तो मात्र उत्तरेकडील कापडगिरण्यांच्या गांवांत, ह्याविषयीं दुमत नाहीं.

त्याचें कारण समजण्यास अवघड नाहीं. लँकेशायरच्या गिरण्यांतून पुरुषांइतक्याच स्त्रिया मागावर उभ्या असत. पहांटे भोंगा झाला कीं घराला कुलूप लागे आणि दिवसभर सांचे सांभाळून परतलेल्या बाईच्या अंगांत चूल पेटविण्याचें त्राण उरत नसे. अशा घरीं चार पैशांत पोटभर, गरम आणि चवदार अन्न कोपऱ्यावरच्या दुकानांतून येऊं लागलें, तेव्हां तें चैन म्हणून नव्हे तर गरज म्हणून आलें. १८८० नंतर वाफेच्या जहाजांनीं उत्तर समुद्रांतील मासेमारी वाढविली, ग्रिम्सबी व हल बंदरांतून बर्फांत घातलेली मासळी आगगाडीनें रातोरात गिरणगांवांत येऊं लागली आणि भाव उतरले. पहिल्या महायुद्धापूर्वीं ह्या दुकानांची संख्या सुमारें २५,००० वर गेली होती. १९२० ते १९३० ह्या दशकाच्या अखेरीस ती ३५,००० च्या घरांत पोंचली. १९१३ सालीं तर ह्या धंद्यांतील लोकांनीं आपला राष्ट्रीय संघहि स्थापन केला.

मग हें दुकान समुद्रकांठीं गेलें कसें? तेंहि गिरण्यांमुळेंच. वर्षांतून एक आठवडा एकेका गांवच्या साऱ्या गिरण्या एकदम बंद राहत आणि अख्खें गांव आगगाडींत बसून ब्लॅकपूलसारख्या किनाऱ्यावर हवा खाण्यास जाई. कामकरी गेला तेथें त्याची जीभहि गेली. त्याच्या पाठोपाठ तळणाची कढई गेली आणि कालांतरानें समुद्रकाठच्या गांवाची तीच ओळख होऊन बसली.

ह्या अन्नाला प्रतिष्ठा मात्र सहजासहजीं मिळाली नाहीं. तळणाच्या वासानें वस्ती बिघडते अशी सुखवस्तु लोकांची तक्रार असे आणि सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांत मासळी तळण्याचा धंदा हाडें उकळणें, कातडीं कमावणें अशा ‘उपद्रवी’ धंद्यांच्या पंक्तीस १९४० पर्यंत बसविलेला होता. त्याच सुमारास दुसरें महायुद्ध चालू झालें. लोणी, मांस, साखर ह्या सर्वांवर शिधापत्रिकेचें नियंत्रण आलें. मासळी व बटाटा मात्र सरकारनें त्यांतून वगळला, कारण तो बंद पडला तर कामकऱ्याचा धीर खचेल हें सरकार ओळखून होतें. जॉर्ज ऑर्वेल ह्या लेखकानें १९३७ सालींच असें मत मांडलें होतें कीं, बेकारीच्या काळांत इंग्लंडांत क्रांति झाली नाहीं ह्याचें थोडें श्रेय ह्या स्वस्त सुखाकडे जातें. उपहासाचा भाग सोडला तरी त्यांतील निरीक्षण खोल आहे. ज्या अन्नाला काल नाकें मुरडलीं जात होतीं, तेंच आज राष्ट्राचें अन्न म्हणून मिरवलें जातें.

आतां नागपूरकडे वळूं. बख्त बुलंद ह्या गोंड राजानें अठराव्या शतकाच्या आरंभीं वसविलेल्या ह्या शहराला वैभव आलें तें रघूजी भोसल्यांच्या वेळेपासून. दरबार म्हटला कीं पागोटीं, शेले, धोतरें आणि रेशीमकांठी लुगडीं आलींच. त्या मागणीवर नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा ह्या टापूंत विणकरांची मोठी वस्ती नांदत होती. बारीक सुताचें धोतर आणि रुंद रेशमी कांठाचें लुगडें ही कोष्ट्यांची खासियत. जाडेंभरडें कापड विणण्याचें काम खेड्यापाड्यांतून महार विणकर करीत. कोष्ट्यांमध्यें हलबा कोष्टी ही एक मोठी शाखा. ह्याच समाजाला नागपुरांत ‘सावजी’ म्हणण्याचा प्रघात आहे.

कोष्ट्याचें घर म्हणजेच त्याचा कारखाना. जमिनींत खड्डा खणून त्यांत पाय सोडून विणकर मागावर बसे. ताणा भरणें, त्याला खळ देणें, सूत उकलणें, कांड्या भरणें हीं कामें घरांतील बायका व मुलें करीत. एका लुगड्यांत साऱ्या घराचे हात गुंतलेले असत. फक्त धोटा फेंकणारा हात पुरुषाचा असे. चुलीला वेळ मिळे तो ह्या कामांतून उरेल तेवढाच.

१८५३ सालीं तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ सालीं डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील जडजवाहीर आणि हत्तीघोडे लिलावांत निघाले आणि त्यांबरोबरच विणकराचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक नाहींसा झाला. ही पहिली कुऱ्हाड. दुसरी आली ती लँकेशायरमार्गें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्या सुतावांचून उपाशी पडल्या. जॉन लीसनें मॉसलीच्या बाजारांत मासळी तळावयास घेतली असें जें साल सांगतात, त्याच सालीं लँकेशायरांतील हजारों कामकरी बेकार होते. कापसासाठीं त्या गिरण्यांची नजर वऱ्हाड व हिंगणघाटाकडे लागली. सरकारनें मध्यप्रांत व वऱ्हाड ह्यांसाठीं रिव्हेट-कारनॅक ह्यांना कापूस-कमिशनर नेमलें. ह्या अधिकाऱ्याच्या लिखाणांत एक हिशेब उघडपणें मांडलेला आढळतो: आगगाडी आली कीं येथील कापूस स्वस्तांत बाहेर जाईल आणि विलायती कापड स्वस्तांत आंत येईल, मग देशी विणकर माग सोडून शेतीकडे वळेल आणि कापसाची लागवड आणखी वाढेल. १८६७ सालीं आगगाडी नागपूरला पोंचली.

कोष्टी मात्र त्या हिशेबाप्रमाणें वागला नाहीं. साधें कापड त्याच्या हातचें गेलें हें खरें. पण मराठी स्त्रीला हवें असलेलें रेशीमकांठी लुगडें लँकेशायरच्या सांच्यावर साधेना. तेव्हां त्यानें गिरणीचें सूत घेतलें, कांठ आपला ठेवला आणि माग चालू ठेवला. तथापि मिळकत घटली. दुष्काळ आला म्हणजे त्याच्यावर दुहेरी मार बसे. धान्य महाग होई आणि लुगडें विकत घेणारा शेतकरी खरेदी थांबवी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांतांतील विणकरांच्या घरांचे वासे मोजले.

दरम्यान गिरणी खुद्द नागपुरांतच येऊन उभी राहिली होती. जमशेटजी टाटा ह्यांनीं लँकेशायरांत जाऊन तेथील धंदा स्वतः पाहिला होता. गिरणी मुंबईस न काढतां कापूस जेथें पिकतो, वरोऱ्याचा कोळसा जेथून जवळ आहे आणि आगगाडी जेथें आहे तेथें काढावी, असा त्यांचा विचार ठरला. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन त्यांनीं घेतली व तींत भराव टाकण्यास सुरुवात केली. ह्या प्रसंगाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. एका मारवाडी पेढीवाल्यानें भांडवल देण्याचें नाकारलें. जो मनुष्य चिखलांत सोनें पुरतो त्याला पैसा कोण देणार, असें तो म्हणाला. पुढें त्याच गृहस्थानें कबूल केलें कीं, टाटांनीं माती पुरली आणि सोनें काढलें. १ जानेवारी १८७७ ह्या दिवशीं, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशीं, ही गिरणी सुरू झाली आणि तिला ‘एम्प्रेस मिल’ हें नांव मिळालें. तिचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेच्या नोकरींतून आलेले. कामगारांसाठीं निवृत्तिवेतन व अपघाताची भरपाई ह्यांची सोय ह्या गिरणींत कायद्याची सक्ति होण्याच्या पुष्कळ आधीं झाली होती. पुढें मॉडेल मिल निघाली आणि नागपूरच्या पूर्वभागाचा दिवस सूर्यावर न चालतां भोंग्यावर चालूं लागला.

गोळीबार चौक, तांडापेठ, पांचपावली, टिमकी, नाईक तलाव ह्या वस्त्यांतून एका घरीं माग, दुसऱ्या घरीं गिरणीची पाळी आणि पुष्कळ घरीं दोन्ही, असा संसार चालूं लागला. बाहेरगांवचे एकटे कामगारहि शहरांत आले. त्यांना जेवण हवें होतें. आणि मागाच्या तुटपुंज्या मिळकतीला जोड कोठून मिळेल ह्या विवंचनेंत कोष्ट्यांचीं घरें होतीं. ह्या दोन गरजांची गांठ पडली ती स्वयंपाकघरांत. सावजींच्या खाणावळीला स्थापनेचा दिवस नाहीं, कारण ती स्थापन झालीच नाहीं. ती घरांतून ओसरीवर आली. घरांत जें आठवड्यांतून एकदां शिजत होतें तें मोठ्या पातेल्यांत शिजूं लागलें, ओसरीवर चार पाट वाढले, पाटांच्या जागीं पुढें बाकडीं आलीं आणि शेवटीं दारावर ‘सावजी भोजनालय’ अशी पाटी लागली. पातेल्यापाशीं पूर्वींचीच गृहिणी होती. नांव समाजाचें राहिलें आणि तिचें स्वतःचें नांव पाटीवर आलें नाहीं.

ह्या रश्श्याची ख्याति त्याच्या तिखटपणासाठीं आहे. प्रथम जेवणाराच्या डोळ्यांतून व नाकांतून पाणी येतें, कानशिलें तापतात, तरीहि हात ताटावरून उठत नाहीं. पण नुसतें तिखट म्हणजे सावजी नव्हे. सुकें खोबरें, कांदा, खसखस, धने, जिरें, मिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, जायपत्री आणि विशेषतः दगडफूल, हे जिन्नस वेगवेगळे भाजून पाट्यावर बारीक वाटले जात. मसाले बत्तीस असावे लागतात असें लोक म्हणतात. प्रत्येक घरचा आंकडा मात्र निराळा आणि प्रत्येक घर आपलें प्रमाण झांकून ठेवणारें. रस्सा दाट करण्यास भाजलेल्या ज्वारीचें पीठ लावण्याची रीतहि आहे. जुन्या रीतींत तेल जवसाचें. एके काळीं नागपूरच्या आसपास जवस अमाप पिके व विलायतेंतील रंगांच्या कारखान्यांसाठीं पोत्यांनीं निर्यात होई; गरिबाच्या कढईंत तेंच तेल उग्र वासासकट पडे. वर तरंगणारा लाल तवंग, ज्याला नागपूरकर ‘तर्री’ म्हणतात, त्यावरून जाणता माणूस आचाऱ्याची परीक्षा करतो.

रश्श्यांत काय पडे हेंहि पाहण्यासारखें आहे. मटणाचे चांगले तुकडे श्रीमंतांच्या घरीं जात. उरलेलें खूर, मुंडी आणि आंतडीं, ज्यांना सावजींच्या बोलींत ‘सुंदरी’ असें गोड नांव आहे, तीं स्वस्त मिळत. तासन्‌तास मंद आंचेवर शिजवून आणि मसाल्यांत मुरवून त्यांचें पक्वान्न करण्याची विद्या ह्या घरांनीं साधली. मांस परवडत नसे त्या दिवशीं बेसनाच्या वड्यांचा पाटोडी-रस्सा किंवा डाळकांदा. तिखट का, ह्याचें उत्तरहि ह्याच ताटांत आहे. रस्सा जहाल असला म्हणजे थोड्या रश्श्याबरोबर पुष्कळ भाकरी खाल्ली जाते. दिवसभर खड्ड्यांत पाय सोडून बसणाऱ्या किंवा यंत्रांच्या गडगडाटांत उभ्या राहणाऱ्या माणसाची मेलेली भूक ह्या तिखटानें जागी होई. लँकेशायरच्या कामकऱ्यानें जें काम सिरका आणि मिठाकडून करून घेतलें, तेंच नागपूरच्या कामकऱ्यानें मिरचीकडून करून घेतलें.

आणि ही मिरची तरी कोठची? नागपूर जिल्ह्यांतील भिवापूरच्या मिरचीचें नांव आज सर्वतोमुखीं आहे. पण मिरचीचें मूळ रोप अमेरिका खंडांतलें. बटाट्याचें मूळहि तेथेंच. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज जहाजांतून ह्या नव्या वनस्पती हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरूं लागल्या. ‘बटाटा’ हा मराठी शब्दच पोर्तुगीजांकडून आला. नागपूरकर मात्र मुंबई-पुण्याचें न ऐकतां त्याला उत्तरेकडच्याप्रमाणें ‘आलू’च म्हणतो. इंग्लंडला तळलेली मासळी दिली ती पोर्तुगाल सोडून आलेल्या कुटुंबांनीं आणि नागपूरच्या रश्श्याला मिरची मिळाली ती पोर्तुगालच्या जहाजांमुळें. दोन्हीं ताटें आपापल्या मातींतलीं अस्सल म्हणून ओळखलीं जातात आणि दोन्हींतील मुख्य वस्तु परमुलखांतून आलेली आहे.

प्रतिष्ठेच्या बाबतींतहि दोहोंचें नशीब सारखेंच निघालें. नागपूरच्या सीताबर्डी-धरमपेठेकडील पांढरपेशा घरांना ह्या खाणावळी कितीतरी काळ वर्ज्य होत्या. तेथें जाणें म्हणजे कोठें तरी चोरून जाणें, असें मानलें जाई. हिंदुस्थानांत ह्या भावनेला आणखी एक कांटेरी कुंपण होतें, तें जातीचें. खाणावळ ही पोटाची सोय असली तरी पंगत कोणाची, पाणी कोणाच्या हातचें आणि भांडें कोणीं घासावयाचें, हे प्रश्न तिच्या उंबऱ्याशीं उभे असत. एम्प्रेस मिलमध्यें महार कामगारांची संख्या मोठी होती. एका भिंतीआड यंत्रावर राबणारे हे हात बाहेर पडल्यावर एका पंगतीस बसतीलच असें नव्हतें. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानें दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व खाणावळी ह्यांत जातीवरून कोणालाहि अटकाव करतां येणार नाहीं असें स्पष्ट सांगितलें. कायद्यानें दार उघडलें. पण बाकड्यावर शेजारीं शेजारीं बसण्याची संवय लावण्याचें काम पुष्कळ अंशीं रश्श्यानें केलें, कारण पातेलें रिकामें होण्यापूर्वीं जागा मिळविणाऱ्याला शेजाऱ्याची जात विचारावयास फुरसत नसते.

१९५६ सालीं नागपूरची राजधानी गेली. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें आणि विधिमंडळाचें एक अधिवेशन हिंवाळ्यांत नागपुरास भरूं लागलें. त्या निमित्तानें मुंबई-पुण्याचे आमदार, अधिकारी आणि वार्ताहर दरसाल येऊं लागले आणि परततांना सावजींच्या तिखटाच्या कथा बरोबर नेऊं लागले. जी गोष्ट शहरांतील प्रतिष्ठितांना लाजिरवाणी वाटत होती, तिची पाहुण्यांनीं वाखाणणी केली, तेव्हां ती शहराचें भूषण ठरली. आज पुणें-मुंबईसहि ‘सावजी’ ह्या पाटीचीं भोजनालयें आहेत आणि त्यांतील पुष्कळांचा विणकरांशीं कांहींहि संबंध नाहीं.

येथेंच ह्या इतिहासांतील खरी वेदना आहे. खाणावळ मोठी झाली, तेव्हां माग कोठें होता? १९६० नंतरच्या काळांत यंत्रमागानें हातमागाला गांठलें. ज्या रेशमी कांठावर लँकेशायरची मात्रा चालली नव्हती, त्याची नक्कल यंत्रमाग स्वस्तांत करूं लागला. शिवाय नऊवारी लुगडें नेसणारी पिढीच सरली. हातमागाच्या रक्षणासाठीं राज्य सरकारनें महामंडळ काढलें, त्याचें मुख्यालयहि नागपुरांतच आहे. पण ज्या पेठांतून पूर्वीं घरोघर धोट्याची खटखट ऐकूं येई त्या हळूहळू मुक्या झाल्या. गिरण्याहि राहिल्या नाहींत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रडतखडत चाललेली एम्प्रेस मिल एकविसाव्या शतकाच्या तोंडाशीं कायमची मिटली आणि तिच्या जागेवर तिचेंच नांव मिरविणारा बाजार-महाल उभा राहिला. विणकरांच्या समाजाला आपली ओळख कोणती, हाहि प्रश्न न्यायालयांतून सोडवावा लागला. अनुसूचित जमातींच्या यादींतील ‘हलबा’ ही नोंद हलबा कोष्टींना लागू पडते काय, ह्या वादांत २८ नोव्हेंबर २००० रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें, यादी जशी आहे तशीच वाचली पाहिजे व तींत हलबा कोष्टी येत नाहींत, असा निर्णय दिला. शेंकडों घरांतील नोकऱ्यांचा व शिक्षणाचा प्रश्न त्या एका निर्णयाशीं जोडलेला होता.

माग गेला, गिरणी गेली, यादींतील नांवाचा आधार गेला; राहिली ती खाणावळ. जोडधंदा म्हणून ओसरीवर मांडलेलें पातेलेंच अनेक कुटुंबांचा मुख्य आधार झालें. लँकेशायरच्या गांवांतूनहि कापडगिरण्या नाहींशा झाल्या आहेत. तेथील धुराडीं पाडलीं गेलीं, पण कोपऱ्यावरचें मासळीचें दुकान पुष्कळ ठिकाणीं अजून चालूं आहे. ज्या दोन धंद्यांनीं एकमेकांशीं शतकभर झुंज घेतली, त्या दोघांच्याहि मागें उरलें तें कामकऱ्याचें जेवण.

फरक एवढाच कीं, इंग्लंडांत ह्या दुकानांवर विद्वानांनीं ग्रंथ लिहिले. पहिलें दुकान कोणाचें ह्यावर गांवें भांडतात. नागपुरांत पहिलें पातेलें कोणत्या घरीं चढलें, तें चढविणारी बाई कोण, तिनें दिवसां कांड्या भरून रात्रीं मसाला कसा वाटला, हें ग्रंथांत सांपडत नाहीं. रसेल आणि हिरालाल ह्यांच्या १९१६ च्या प्रसिद्ध ग्रंथांत मध्यप्रांतांतील कोष्टी व हलबा ह्यांविषयीं स्वतंत्र प्रकरणें आहेत. त्यांच्या देवदेवतांची व लग्नविधींची माहिती सरकारनें टिपून ठेविली. त्यांच्या चुलीचा इतिहास मात्र त्यांच्या नातवंडांच्या जिभेवरच राहिला आहे.

तो तेथून कागदावर उतरविणें अजून शक्य आहे. तांडापेठेंत आणि पांचपावलींत अशीं वृद्ध माणसें आहेत कीं, ज्यांनीं मागाच्या खड्ड्यांत पाय सोडून बसलेला बाप पाहिला आणि त्याच घराच्या ओसरीवर जेवणाऱ्या गिरणीकामगारांना पाणी वाढलें. त्यांच्यापाशीं जाऊन कोणी शांतपणें विचारलें तर लुगड्याच्या कांठांचीं नांवें आणि मसाल्याचीं प्रमाणें एकाच बैठकींत ऐकावयास मिळतील, कारण त्या घरांत तीं दोन्ही एकाच हातांनीं सांभाळलीं होतीं. पुढच्या वेळीं एखाद्या सुशिक्षित कुटुंबानें पाहुण्याला कौतुकानें सावजींकडे जेवावयास नेलें, तर तिखटाची मौज सांगून झाल्यावर त्या पाटीवरील शब्द एका विणकर समाजाचा आहे, एवढें तरी त्याला जरूर सांगावें.